माणूस गेला, पगार राहिला: एनएचएलचे लांबलचक करार, बायआउट आणि कॅपचा दंड

मिनेसोटाकर

आइस हॉकी बघणारे इथे चार-पाच जण तरी आहेत हे स्टॅन्ली कपच्या (एनएचएल या आइस हॉकी लीगचं अजिंक्यपद) धाग्यावर कळलं होतं म्हणून हिंमत करतोय, बाकीच्यांनी सांभाळून घ्या.

आमच्या मिनेसोटा वाइल्डची साडेसाती यंदा, २०२५-२६ ला, एकदाची उतरली. झॅक परिझे आणि रायन सूटर या दोघांना जुलै २०२१ मध्ये बायआउट करून (म्हणजे उरलेल्या पगाराचा काही भाग देऊन करार मोडून) घरी पाठवलं होतं, त्याचा दंड मागचे दोन सीझन दरसाल १४.७४ मिलियन डॉलर आमच्या सॅलरी कॅपवर बसत होता. २०२३-२४ ची कॅप होती ८३.५ मिलियन, म्हणजे साडेसतरा टक्क्यांहून जास्त पैसा अशा दोघांच्या नावावर जे आमच्याकडे खेळतच नाहीत. त्या वर्षी प्लेऑफ हुकले ते हुकलेच. त्याआधी २०२२ च्या उन्हाळ्यात केविन फियालाला पैसे द्यायला जागा नाही म्हणून लॉस एंजेलिसला देऊन टाकावं लागलं. यंदा तो दंड १.६७ मिलियनवर आलाय. पेढे वाटायला पाहिजेत.

पण पेढे वाटायच्या आधीच आमच्या जनरल मॅनेजर साहेबांनी, बिल गेरिननी, किरिल कप्रिझॉवला ८ वर्षं, १३६ मिलियनचा करार दिला. वर्षाला १७. लीगच्या इतिहासातला सगळ्यात मोठा. पुढच्या सीझनला सुरू होईल तेव्हा तो २९ चा असेल आणि संपेल तेव्हा ३७ चा. खेळाडू सोन्यासारखा आहे, वाद नाही, पण एकदा हात पोळल्यावर पुन्हा तिथेच हात घालायचा का? माझं स्पष्ट मत आहे की लीगने पाच वर्षांच्या वरचे करार बंदच करावेत. तुम्हाला काय वाटतं?

खडकीचा_गडी

शीर्षक बघून धावत आलो, म्हटलं कोणीतरी हॉकीवर लिहिलं बुवा. बघतो तर बर्फातली. आमच्या खडकीत हॉकी म्हणजे धनराज पिल्लै, विषय संपला. तरी वाचतोय. दोन प्रश्न: कॅप म्हणजे आयपीएलच्या पर्ससारखं काही का? आणि माणूस सोडून गेला तर त्याचा पगार का मोजायचा?

उगाच_काहीतरी

गाडी भंगारात, हप्ते चालू. झालं, धागा बंद करा.

मेपलकाकू

@खडकीचा_गडी, हो, पर्ससारखंच पण जास्त कडक. २००४-०५ चा अख्खा सीझन मालक आणि खेळाडूंच्या भांडणात वाया गेला, एकही मॅच झाली नाही, आणि त्यातून ही कॅप आली. पहिल्या वर्षी ३९ मिलियन होती, यंदा ९५.५ आहे. एनबीएसारखं जास्तीचा टॅक्स भरा आणि ओलांडा असं इथे चालत नाही, हार्ड कॅप. आणि करारातला पैसा कोणत्या वर्षी किती दिला याला कॅपच्या हिशोबात किंमत नाही, एकूण रक्कम भागिले वर्षं, जी सरासरी येईल तीच दरवर्षी कॅपवर मोजतात. सगळी चोरी या एका वाक्यात आहे बघ.

जर्सीतला_जोशी

काकूंनी नेमकं बोट ठेवलं. सरासरीच मोजतात म्हटल्यावर मॅनेजर लोकांनी काय केलं, तर शेवटी पाच-सहा फुकटची वर्षं चिकटवायला सुरुवात केली. आमच्या न्यू जर्सी डेव्हिल्सनी तर कळसच केला. २०१० मध्ये इल्या कोवालचुकला १७ वर्षं, १०२ मिलियन! त्यातले साडेअठ्ठ्याण्णव पहिल्या अकरा वर्षांत आणि शेवटच्या सहा वर्षांना सगळे मिळून साडेतीन. करार संपताना बाबा ४४ वर्षांचा झाला असता. कोण खेळणार होतं हो तेव्हा? नुसती सरासरी खाली आणायला लावलेली शेपटी. लीगने करार फेटाळला, लवादाकडे गेलं, लवादाने पण लीगचीच बाजू घेतली. मग १५ वर्षं, १०० मिलियनचा दुसरा करार झाला, वर ३ मिलियनचा दंड आणि पहिल्या फेरीचा एक ड्राफ्ट पिक (नवीन खेळाडू निवडायचा हक्क) जप्त.

आणि एवढं रामायण करून २०१३ मध्ये साहेब रिटायर होऊन रशियाला गेले खेळायला. कॅपवर अडीच लाख डॉलर दरसाल बसले ते थेट २०२४-२५ पर्यंत. लीगला नंतर दया आली, दंड अर्धा केला आणि पिक परत दिला, पण ३० वा. त्यातल्या त्यात.

आकडेमोड

धागाकर्त्यांनी १४.७४ चा आकडा दिलाय पण तो आला कुठून हे बऱ्याच वाइल्डवाल्यांनाही माहीत नसतं, मी ज्यांना ज्यांना विचारलंय ते म्हणतात गेरिनने गणित चुकवलं. गणित नाही चुकलं, गणित करारातच होतं. कागद-पेन्सिल घेऊन बसा.

दोघांचाही करार जुळ्यांसारखा सेम. ४ जुलै २०१२, १३ वर्षं, ९८ मिलियन. सरासरी ७.५३८. पण प्रत्यक्ष पगार असा: १२, १२, ११, मग पाच वर्षं ९-९, मग ८, ६, २, १, १. बेरीज करून बघा, ९८ येते.

२०२१ ला नऊ वर्षं झाली होती. उरली चार: ६, २, १, १, म्हणजे मिळून फक्त १० मिलियन द्यायचे होते. बायआउटचा नियम असा की खेळाडू २६ किंवा त्याहून मोठा असेल तर उरलेल्या पगाराचे दोन तृतीयांश द्यायचे (२६ च्या आत असेल तर एक तृतीयांश), आणि ते उरलेल्या वर्षांच्या दुप्पट वर्षांत वाटून. १० चे दोन तृतीयांश ६.६७, भागिले आठ वर्षं, म्हणजे वर्षाला ०.८३३. स्वस्त वाटतंय ना?

आता गंमत. कॅपवर काय बसतं? मूळ सरासरीतून त्या वर्षी खरोखर वाचलेला पगार वजा करायचा. पहिल्या वर्षी पगार होता ६, दिले ०.८३३, वाचले ५.१६७. ७.५३८ वजा ५.१६७ बरोबर २.३७. दोघांचे मिळून ४.७४. ठीक आहे, सोसलं. दुसऱ्या वर्षी पगारच २, वाचले १.१६७, म्हणून दंड ६.३७, दोघांचे १२.७४. तिसऱ्या-चौथ्या वर्षी पगार १, वाचणार काय कप्पाळ? ०.१६७. दंड प्रत्येकी ७.३७, दोघांचे १४.७४. हे तुमचे हाल. त्यानंतरची चार वर्षं, २०२८-२९ पर्यंत, नुसते ०.८३३ दुणे १.६७.

थोडक्यात, सुरुवातीची वर्षं १२-१२ मिलियन देऊन कॅपवर साडेसात दाखवली, तो फरक शेवटी सव्याज म्हणणार नाही पण मुद्दल तरी वसूल झालाच.

निरुद्योगी

आकडेमोड साहेब, दंडवत. दहावीत तुम्ही शिकवायला असता तर.

मिनेसोटाकर

@आकडेमोड, हे सगळं मान्य, पण मग बायआउट करायचंच कशाला? दोघं खेळले असते तर ७.५३८ दुणे १५ च्या आसपासच कॅप गेली असती ना. दंड आणि पगार जवळजवळ सारखाच!

आकडेमोड

तीन-चार कारणं होती. सिएटलचा एक्स्पान्शन ड्राफ्ट (नवीन टीमने बाकीच्या टीममधून खेळाडू उचलायचे) त्याच महिन्यात होता, दोघांच्या करारात नो-मूव्ह कलम (मर्जीशिवाय हलवता येत नाही), म्हणजे दोन चांगल्या तरुणांऐवजी या दोघांना वाचवलेल्या यादीत ठेवावं लागलं असतं. पहिल्या वर्षी दहाएक मिलियन मोकळे झाले ते वेगळंच. तिसरं म्हणजे त्यांच्यापैकी कोणी एक-दोन वर्षं खेळून अचानक रिटायर झाला असता तर रिकॅप्चर नावाचा दुसरा राक्षस उभा होता. आणि ड्रेसिंग रूममधलं वातावरण वगैरे, ते आतल्यांनाच माहीत.

रेनकोट_व्हँकुव्हर

रिकॅप्चर! घ्या, आमच्या जखमेवर मीठ.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. २००९ मध्ये आम्ही रॉबर्टो लुओंगोला १२ वर्षं, ६४ मिलियन दिले. तेव्हाच्या नियमात बसत होतं, लीगने करार मंजूर केला. मग २०१२-१३ चा लॉकआउट झाला, नवीन सीबीए (मालक आणि खेळाडू संघटनेतला करार) आली आणि त्यात मागच्या तारखेने नियम लावला की असा खेळाडू करार संपायच्या आत रिटायर झाला तर आजवर त्याला सरासरीपेक्षा जितके जास्त दिलेत ते सगळे उरलेल्या वर्षांत कॅपवर वसूल करू. तोवर तो आमच्याकडे होता. २०१४ मध्ये त्याला फ्लोरिडाला दिलं, त्याच्या पगाराचा १५ टक्के वाटा पण आम्हीच उचलला, आणि २०१९ मध्ये तो फ्लोरिडाचा खेळाडू म्हणून रिटायर झाला. दंड कोणाला? आम्हाला तीन वर्षं दरसाल ३ मिलियनच्या वर, फ्लोरिडाला एकच्या आसपास.

२०१३ मध्ये ट्रेड काही जमेना तेव्हा लुओंगोने स्वतःच पत्रकारांसमोर म्हटलं होतं की माझा करारच भिकार आहे, जमलं तर आत्ता फाडून टाकीन. बिचारा.

मुद्दा हा की नियम बदला ना, कोण नाही म्हणतंय, पण पुढच्यासाठी बदला. मंजूर केलेल्या कराराला चार वर्षांनी दंड हा कुठला न्याय?

जर्सीतला_जोशी

>>तेव्हाच्या नियमात बसत होतं<<

ताई, नियमात बसत होतं आणि नियमाला धरून होतं यात फरक आहे. लीगने तेव्हाच सांगितलं होतं की आम्ही या करारांकडे बघतोय. लुओंगो, होसा, प्रॉंगर सगळ्यांची चौकशी लावली होती. पळवाट आहे हे पळणाऱ्यालाही माहीत होतं. आणि त्या स्वस्त सरासरीच्या जोरावर तुम्ही २०११ ची फायनल खेळलात की. फायदा घेतलात, बिल आलं.

रेनकोट_व्हँकुव्हर

फायनल खेळलो, हरलो, आणि नंतर गावात दंगल झाली. एवढा फायदा तुम्हालाच लखलाभ.

आणि कोवालचुकचा पिक परत मिळाला तेव्हा नाही आठवला तो न्याय? नियमाची चाड असती तर पिक पण परत नसता घेतला.

उगाच_काहीतरी

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. चालू द्या.

मिनेसोटाकर

भांडू नका रे, खरा गुन्हेगार मी सांगतो: मालक. आमचे क्रेग लायपोल्ड. जुलै २०१२ मध्ये दोन खेळाडूंना मिळून १९६ मिलियन दिले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मालकांनी लॉकआउट केला, कारण काय तर खेळाडूंचे पगार आणि करारांची लांबी परवडत नाही. आणि वाटाघाटीच्या टेबलावर मालकांच्या बाजूने कोण बसले होते? हेच लायपोल्ड! जानेवारी २०१३ मध्ये खेळ सुरू झाला, ४८ मॅचेसचा अर्धामुर्धा सीझन, आणि नवीन नियम: स्वतःच्या खेळाडूला जास्तीत जास्त ८ वर्षं, बाहेरच्याला ७. म्हणजे यांना यांच्याच हातापासून वाचवायला नियम करावा लागला. म्हणून म्हणतो, पाच करा.

निरुद्योगी

रिटायर झालं तर दंड बसतो ना? मग रिटायर व्हायचंच नाही! हे ज्ञान लोकांना फार लवकर झालं. कागदावर जखमी राहायचं, लाँग टर्म इंजर्ड रिझर्व्ह, पगार चालू, कॅपला सवलत.

सगळ्यात भारी ख्रिस प्रॉंगर. डोळ्याची-डोक्याची दुखापत, २०११ नंतर खेळला नाही. २०१४ मध्ये लीगच्याच प्लेअर सेफ्टी खात्यात नोकरीला लागला, करार फिलाडेल्फिया फ्लायर्सकडे. २०१५ मध्ये तो करार फ्लायर्सनी अ‍ॅरिझोनाला दिला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात तो हॉल ऑफ फेममध्ये गेला. म्हणजे माणूस एका बाजूला लीगचा नोकर, दुसऱ्या बाजूला अ‍ॅरिझोनाचा खेळाडू, आणि तिसऱ्या बाजूला भिंतीवर तसबीर. शे वेबरचं पण तेच, २०२४ ला हॉल ऑफ फेममध्ये गेला तेव्हा युटाच्या हजेरीपटावर होता. २०२१ नंतर बर्फावर पाय नाही.

आणि मारियन होसाला तर म्हणे पॅड-हेल्मेटचीच अ‍ॅलर्जी झाली, तीपण नेमका करारातला पगार १ मिलियनवर आला तेव्हा. खिक्.

डॉक्टरीणबाई

होसाबद्दल असं खिक् करू नका प्लीज. त्याला त्वचेचा आजार होता, वाढत जाणारा, आणि तो आटोक्यात ठेवायला घ्यावी लागणारी औषधं पण साधी नव्हती. घाम, दमट पॅड, त्यावर घासणं, रोज, वर्षानुवर्षं. असे पेशंट मी पाहिलेत, रात्रभर झोप नसते. वेळ सोयीची होती म्हणून आजार खोटा होत नाही. प्रॉंगरचं डोकं पण खरंच दुखावलं होतं. कॅपची पळवाट काढली ती क्लबांनी, खेळाडूंनी नाही.

निरुद्योगी

आजाराला हसत नव्हतो हो, टायमिंगला हसत होतो. २०१८ ला तोही करार अ‍ॅरिझोनालाच गेला. पाव्हेल दात्सुक रशियाला गेला, त्याचा करार अ‍ॅरिझोनाला. त्या वाळवंटात जगातली सगळ्यात भारी न खेळणारी टीम होती.

मेपलकाकू

न खेळणाऱ्यांची गोष्ट सांगता? मग आमच्या लीफ्सची ऐका, ही कुठल्याच टीमला जमणार नाही.

२०१३ मध्ये डेव्हिड क्लार्कसनला ७ वर्षं, ३६.७५ मिलियन. टोरोंटोचा पोरगा, सगळे खूश. पहिल्या वर्षी पाच गोल. बायआउट करावं म्हटलं तर करता येईना कारण करारातला बराचसा पैसा साइनिंग बोनस म्हणून होता, आणि वर आकडेमोडांनी सांगितलं ते दोन तृतीयांश फक्त पगाराला लागू होतं, बोनस शंभर टक्के द्यावाच लागतो. म्हणजे बायआउट करून वाचणार काहीच नाही. एजंट लोक मुद्दाम अशी रचना करून घेतात, बायआउटप्रूफ करार म्हणतात त्याला.

मग २०१५ मध्ये कोलंबसला फोन केला. त्यांच्याकडे नेथन हॉर्टन होता, पाठ गेलेली, परत खेळेल अशी आशा नाही, आणि त्याच्या कराराचा विमा नव्हता म्हणून कोलंबसला न खेळणाऱ्याचा पगार खिशातून जात होता. आमच्याकडे पैसा रग्गड, कॅपला जागा नाही. त्यांच्याकडे उलटं. झाली अदलाबदल! चालता खेळाडू देऊन न चालणारा घेतला आणि गावात लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुढे क्लार्कसन पण पाठीने अधू झाला, वेगासला गेला, आणि २०१९ मध्ये आम्ही त्याला परत घेतला. हो, त्यालाच, कारण तोवर तो न खेळणाऱ्यांच्या यादीत होता आणि आमच्या हिशोबात बसत होता. माझ्या मुलाला हे समजावताना माझंच डोकं गरगरलं.

सोसायटीतली_सुमी

अवांतर: काकू तुमचा मुलगा खेळतो का? आमचा सहा वर्षांचा हट्ट धरून बसलाय, ब्रॅम्प्टनला राहतो. किती खर्च येतो?

मेपलकाकू

अवांतराला उत्तर: खर्च विचारू नकोस, आधी गजर लावायला शीक. रिंकच्या वेळा लहान पोरांना पहाटेच्या मिळतात. स्केट्स जुने घे, पाय दरवर्षी वाढतात. हेल्मेट मात्र नवीनच. आणि गाडीत त्या बॅगेचा वास बसतो तो कायमचा, अगरबत्ती-बिगरबत्ती काही उपयोग नाही. डॉक्टरीणबाई म्हणतात ते दमट पॅडचं अगदी पटलं मला.

खडकीचा_गडी

एक सांगा, आमच्या हॉकी इंडिया लीगच्या ऑक्शनला २०२४ मध्ये सगळ्यात महाग कोण गेला माहितीय? कॅप्टन हरमनप्रीत सिंग, ७८ लाख रुपये. ऑलिंपिकचं ब्राँझ गळ्यात घालून आलेला माणूस. आणि तुमचा तो कप्रिझॉव वर्षाला १७ मिलियन डॉलर. चालायचंच.

पण आयपीएलचं मॉडेल मला जास्त बरं वाटतंय. दर तीन वर्षांनी मेगा ऑक्शन, पंतला लखनौने २७ कोटी दिले, पटलं नाही तर सोडून दिला, खेळ खलास. ना दंड ना शेपटी.

आकडेमोड

आयपीएलमध्ये खेळाडूला संघ निवडता येत नाही, ज्याने बोली लावली त्याच्याकडे जायचं. आणि क्रिकेटरचं घर फक्त आयपीएलवर चालत नाही. हॉकीवाल्याला वर्षाला ८२ मॅचेस, गुडघे-खांदे-दात सगळं पणाला. त्याला सात-आठ वर्षांची हमी हवी असेल तर चूक काय? पगार कमी घेईन पण वर्षं जास्त द्या, हा सौदा दोन्ही बाजूंना कळून-सवरून असतो.

उगाच_काहीतरी

हमी म्हणजे कशी तर डिपिएट्रोसारखी. न्यूयॉर्क आयलँडर्सनी २००६ मध्ये गोलकीपरला १५ वर्षं, ६७.५ मिलियन दिले. गुडघा, कंबर, जे जे असतं ते ते मोडलं बिचाऱ्याचं. २०१३ मध्ये बायआउट. तेव्हा लॉकआउटनंतर प्रत्येक टीमला दोन माफीचे बायआउट मिळाले होते, कॅपवर न मोजणारे, पण पैसे तर द्यायचेच ना. वर्षाला दीड मिलियन, २०२९ पर्यंत. आयलँडर्सनी तोवर रिंक बदलली, मालक बदलले, गडी अजून चेक घेतोय.

फ्लायर्सचा ब्रिझगालोव पण त्याच रांगेत, ९ वर्षांतली दोन खेळला आणि चेक २०२७ पर्यंत. हा तोच जो कॅमेऱ्यासमोर विश्व किती अफाट आहे यावर प्रवचन देत होता. विश्वाचं माहीत नाही, बायआउट अफाट होता.

जर्सीतला_जोशी

बफेलोचा एरहॉफ विसरलात. १० वर्षांचा करार, तीन खेळला, २०१४ ला माफीचा बायआउट, १४ वर्षांचे हप्ते. आणि सूटरचं तर काय सांगावं, मिनेसोटाने बायआउट केला, डॅलसने चार वर्षं दिली, २०२४ मध्ये डॅलसनेही बायआउट केला. २०२४-२५ ला एकाच माणसाला दोन क्लब न खेळण्याचे पैसे देत होते आणि हा सेंट लुइसला जाऊन तिसऱ्याकडून खेळण्याचे घेत होता. मला त्याच्या सीएचा नंबर द्या.

आकडेमोड

मी नव्हे तो.

असो, सगळे फक्त फसलेले करार मोजताय म्हणून मूळ प्रश्नावर येतो. ओवेचकिनला वॉशिंग्टनने २००८ मध्ये १३ वर्षं, १२४ मिलियन दिले तेव्हा लोक वेडे म्हणाले होते. त्यात २०१८ चा कप आला, आणि ग्रेट्झकीचा विक्रम मोडणारा ८९५ वा गोल त्याने एप्रिल २०२५ मध्ये मारला तो पुढच्या करारात, त्याच टीमकडून. क्रॉसबी, १२ वर्षं, सरासरी ८.७. त्याच्या कराराला पण शेपटी होती बरं का, पण तो शेपटीपर्यंत खेळला म्हणून कोणी नाव काढत नाही. लांब करार वाईट नसतो, न खेळल्या जाणाऱ्या वर्षांचा करार वाईट असतो. आणि ती युक्ती २०१३ नंतर बंदच झालीय. आता एका वर्षातून दुसऱ्या वर्षात पगार किती घसरवायचा यावर मर्यादा आहे, आणि २०२० पासून सुरुवातीला जड असलेल्या करारात सगळ्यात कमी पगाराचं वर्ष सगळ्यात जास्तीच्या साठ टक्क्यांखाली जाता येत नाही. १२ पासून सुरू करून १ वर उतरणारा परिझे आज होऊच शकत नाही.

कप्रिझॉवचं बघा. १७ मिलियन पुढच्या वर्षीच्या १०४ च्या कॅपच्या १६.३ टक्के. त्यापुढच्या वर्षीची कॅप ११३.५, म्हणजे १५ टक्के. कॅप वाढती असेल तर मोठा करार दर वर्षी स्वस्त होत जातो.

मेपलकाकू

>>कॅप वाढती असेल तर<<

हा जर-तर आम्हाला विचारा. टवारेस २०१८ ला आला, ७ वर्षं, वर्षाला ११. तेव्हा सगळ्यांनी हेच गणित मांडलं होतं की कॅप वाढेल, ११ काहीच वाटणार नाहीत. आणि आला कोविड. कॅप ८१.५ ला गोठली ती तीन सीझन, मग एकेका मिलियनने सरकली. सात वर्षं आम्ही चौघांना पैसे देऊन बाकी टीम भंगार बाजारातून भरली. आता करार संपल्यावर तोच टवारेस ४.३८ मध्ये चार वर्षं राहिला. माणूस गुणी.

मिनेसोटाकर

काकू, एक्झॅक्टली! आणि मॅकडेव्हिडने काय केलं बघा. जगातला सगळ्यात भारी खेळाडू, हवं ते मागू शकला असता, दोनच वर्षांची सही केली, तीपण जुन्याच १२.५ वर. त्याला कळतं ते आमच्या गेरिनला कळत नाही.

जर्सीतला_जोशी

मॅकडेव्हिडने एडमंटनवर उपकार नाही केलेत, डोक्यावर तलवार टांगलीय. दोन वर्षांत कप नाही आणलात तर टाटा. करार छोटा म्हणजे क्लब सुरक्षित असं कोणी सांगितलं? कप्रिझॉवला दोन वर्षं दिली असती तर २०२८ ला तू याच धाग्यावर गळा काढला असतास.

रेनकोट_व्हँकुव्हर

जोशींशी पहिल्यांदा सहमत, तारीख लिहून ठेवा.

पण पाच वर्षांच्या मागणीला माझा अर्धा पाठिंबा. शिकायचं नाही म्हटल्यावर माणूस आठ वर्षांतही खड्डा खणतो. ऑलिव्हर एकमन-लार्सनचा करार आम्ही स्वतः केला पण नव्हता, दुसऱ्याचा विकत घेतला! दोन वर्षांत बायआउट, यंदा आणि पुढच्या वर्षी कॅपवर पावणेपाच मिलियनच्या वर, शेवटचा हप्ता २०३०-३१ ला. आणि तो इथून गेला आणि पुढच्याच वर्षी फ्लोरिडाबरोबर कप जिंकला. फ्लोरिडा! परत फ्लोरिडाच!!

निरुद्योगी

पाच नाही पण थोडी कात्री लागलीच आहे. यंदा जी नवीन सीबीए मंजूर झाली ती सप्टेंबर २०२६ पासून लागू, त्यात स्वतःच्या खेळाडूला ७ आणि बाहेरच्याला ६. म्हणूनच तर सगळे धावत-पळत आठची दुकानं बंद व्हायच्या आत सह्या करतायत. कप्रिझॉव, आयकल, कॉनर, सगळे आठ. आणि सीझन ८४ मॅचेसचा होणार म्हणे, म्हणजे गुडघे अजून लवकर जाणार.

डॉक्टरीणबाई

८४? कशाला? डोक्याला मार बसलेले परत किती दिवसांत खेळतात यावर कोणी कात्री लावेल तर बरं.

कधीतरी_लिहिणारा

सगळं वाचलं, सॅन होजेकडून हजेरी लावतो. आमच्या शार्क्सनी व्लासिकला यंदा जूनमध्ये बायआउट केलं, आठ वर्षांच्या करारातलं एकच वर्ष राहिलं होतं, कार्लसनला पिट्सबर्गला दिलं तरी त्याचे दीड मिलियन अजून आम्हीच भरतो. पण त्याच क्लबने सप्टेंबरमध्ये मॉन्ट्रियलकडून केरी प्राइसचा करार स्वतःहून मागून घेतला. १०.५ मिलियनचा कॅप हिट, एप्रिल २०२२ नंतर एकही मॅच नाही. इथल्या मित्रांनी शिव्या घातल्या. मग कोणीतरी करार उघडून बघितला: यंदाचा साडेपाच मिलियनचा बोनस मॉन्ट्रियलने १ सप्टेंबरला आधीच देऊन टाकला होता, उरला होता फक्त २ मिलियन पगार, आणि वर पाचव्या फेरीचा एक पिक घेतला. आम्हाला कॅपला जागाच जागा, टीम तरुण आणि स्वस्त. म्हणजे दुसऱ्याचा ओझ्याचा करार हासुद्धा विकत घ्यायचा माल आहे, फक्त पाठीमागे पिक चिकटवून मिळाला पाहिजे. मिनेसोटाकर, २०३३ ला कप्रिझॉव जड झाला तर आम्हाला फोन करा, दोन फर्स्ट राउंड पिक तयार ठेवा.

मिनेसोटाकर

दोन?? एक देतो, आणि वर सूटरचा उरलेला हप्ता.

कधीतरी_लिहिणारा

तो २०२९ लाच संपतोय, आकडेमोडांनी वर लिहिलंय. दोनच.